एक आईकडून, एक बापाकडून

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा भिंगरीच्या आईला वाटलं, नेहमीचीच तक्रार असणार. पोरगी वर्गात एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून तर घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पण या वेळी चिठ्ठी चित्रकलेच्या बाईंची होती. तुमच्या मुलीने झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवली आहेत, असं त्यात लिहिलं होतं. आधी मस्करी वाटली, पण ती मस्करी नाही. डोळे तपासून घ्या.

आईला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. कारण तिचं स्वतःचं पोट रंगांवर चालत होतं. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ती रंग जुळवायची. धडक बसून एखाद्या गाडीचा दरवाजा बदलला की नव्या दरवाज्याचा रंग बाकीच्या अंगाशी जुळायला हवा. कंपनीने दिलेला रंगाचा आकडा असतो, मशीन असतं, पण पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा लाल हा कंपनीचा लाल उरलेला नसतो. मग ती काट्यावर डबा ठेवून थेंबाथेंबाने रंग घालायची, पत्र्याच्या तुकड्यावर फवारायची आणि तो तुकडा बाहेर उजेडात नेऊन गाडीला लावून बघायची. तुकडा कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते ते कळेनासं झालं की काम झालं. वर्कशॉपचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "मशीन चुकेल, आमची बाई चुकायची नाही." आणि तिच्याच पोटच्या पोरीला खोड आणि पान एकाच रंगाचं दिसत होतं.

गुरुवारी तिने अर्धा दिवस सुट्टी घेतली. डोळ्यांच्या डॉक्टर वयाने मोठ्या होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी एक पुस्तक उघडलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचा गोल, आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिल्या पानावर भिंगरीने पटकन "बारा" म्हटलं. दुसऱ्या पानावर थांबली. तिसऱ्यावर म्हणाली, "यात नुसते ठिपकेच आहेत."

आईला तिच्यामागे उभं राहून प्रत्येक आकडा लख्ख दिसत होता.

"रंगांधळेपणा," डॉक्टर म्हणाल्या. "लाल-हिरव्याचा. घाबरू नका, नजर उत्तम आहे. घरात कोणाला आहे?"

"माझ्या भावाला. लहानपणापासून."

"म्हणजे ते तुमच्या आईकडून आलं. तुमच्याकडेही आलेलं असणार, फक्त तुम्हाला त्रास नाही. पण तेवढ्याने मुलीला होत नाही. मिस्टरांना आहे?"

"नाही. ते इलेक्ट्रिशियन आहेत."

"विचारा एकदा. मुलीला असलं म्हणजे वडिलांना असतंच. अगदी विरळा अपवाद सोडला तर."

भिंगरी दारापर्यंत जाऊन पोचली होती आणि दाराची मूठ वरखाली करत होती. आईने कागद पर्समध्ये कोंबले आणि ते वाक्य तेवढ्यापुरतं तिथेच राहिलं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि हात धुवायला गेला तेव्हा तिने सहज सांगितलं, "डॉक्टर विचारत होत्या, तुला पण आहे का म्हणून. एखादा अपवाद असतो म्हणे."

"मला?" तो म्हणाला. "मला असतं तर मी पॅनेल कशी जोडली असती?"

हे तिला पटलं. तो लिफ्टचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात होता. माणसाएवढ्या उंच पेट्या, आणि प्रत्येक पेटीत शेकडो तारा. त्याची पॅनेल बघायला दुसऱ्या विभागातली माणसं यायची, कारण प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तो आकडा छापलेली छोटीशी नळी बसवायचा. बाकीचे जोडारी मुख्य तारांना आकडे लावायचे आणि उरलेल्या तारा रंगावर सोडून द्यायचे. हा एकही तार सोडत नसे. कारखान्यात त्याचं नावच 'नंबरी' पडलं होतं, आणि त्यातला दुसरा, बदमाश असा अर्थ काढून लोक चेष्टाही करायचे.

तो हात पुसत राहिला. जरा जास्तच वेळ पुसत राहिला, पण ते तिला नंतर आठवलं.

रविवारी त्याची थोरली बहीण जेवायला आली. भिंगरीची आत्या. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याबरोबर आणि दोन मुलींबरोबर राहायची. भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शिकायला वसतिगृहात गेली ती पुढे घरी पाहुणीसारखीच येत राहिली. आजी मात्र पहिल्यापासून मुलाकडेच असायची.

जेवताना भिंगरीच्या डोळ्यांचा विषय निघणारच होता.

"मामावर गेलीय, दुसरं काय," आजी म्हणाली. भिंगरीच्या मामाचे किस्से घरात सगळ्यांना पाठ होते. एकदा तो नोकरीच्या मुलाखतीला एका पायात मरून रंगाचा आणि दुसऱ्या पायात हिरवा मोजा घालून गेला होता, आणि नोकरी मिळवूनही आला होता.

आईने मान खाली घातली. तिला ते लागलं. नेहमीसारखंच, जे काही वाकडं असेल ते हिच्या माहेरचं.

आत्याच्या ते लक्षात आलं असावं. "आई, असं मामावर वगैरे कोणी जात नसतं," ती म्हणाली. "थांब, भिंगरे, तुझी वही आण. तुलाच दाखवते."

भिंगरी उडीच मारून वही घेऊन आली. आत्याने डाव्या हाताने एक चौकोन काढला आणि त्याचे चार भाग केले.

"हे बघ. प्रत्येकाकडे एक जोडी असते. मुलींकडे एक्स आणि एक्स. मुलांकडे एक्स आणि वाय. रंग ओळखायचं काम एक्सवर लिहिलेलं असतं. मुलीला एक एक्स आईकडून मिळतो, एक बापाकडून. मुलाला एक्स फक्त आईकडून, बापाकडून मिळतो तो वाय. कळलं?"

"म्हणजे मुलांकडे जोडीतला एकच कामाचा."

"शाब्बास. तुझ्या मामाला त्याच्या आईकडून बिघडलेला एक्स मिळाला. त्याच्याकडे दुसरा नव्हता, म्हणून त्याला रंग कळत नाहीत. तुझ्या आईलाही तसाच एक मिळाला असेल, पण तिचा दुसरा चांगला आहे, त्याने सगळं निभावून नेलं. मुलीला दोन असतात ना, एक चांगला असला तरी भागतं. मुलीला रंग दिसत नाहीत, याचा अर्थ तिचे दोन्ही एक्स बिघडलेले. एक आईकडून आला, आणि दुसरा बापाकडून. आता बापाकडे एक्स असतो एकच, तो मुलीला जसाच्या तसा मिळतो, म्हणजे बापाला..."

पेन्सिल चौथ्या घरावर थांबली.

 आत्याने वर पाहिलं, आधी भावाकडे, मग भावजयीकडे, आणि चटकन नजर काढून घेतली. आजी उठली आणि ताटं गोळा करू लागली. भिंगरीचं जेवण अर्धं व्हायचं होतं, तेही ताट तिने उचललं.

"म्हणजे बाबाला काय?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "अपवाद असतात. शास्त्रात अपवाद असतात."

"डॉक्टरही तेच म्हणाल्या होत्या," नवरा म्हणाला. तो पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. "हो ना? अपवाद असतो म्हणाल्या होत्या ना तुला?"

"म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

 आत्याच्या डोक्यात या घडीला दोन शक्यता होत्या, हे तिला लख्ख कळलं. एक तर भाऊ रंगांधळा आहे, किंवा भिंगरी त्याची नाही. आणि आत्याने आपल्या भावाला तारा जोडताना पाहिलं होतं. पण तिच्या स्वतःपुढे शक्यता एकच होती. भिंगरी कोणाची आहे हे जगात तिच्याइतकं खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं. त्या खात्रीच्या पाठोपाठ दुसरी खात्री आपोआप आली. तिचा नवरा अकरा वर्षं तिच्याशी खोटं बोलत आला होता. आणि आत्ता, चौघांसमोर, तो पेल्याकडे बघत बसला होता.

तिला वाटलं, आता बोलेल. आत्याला पोचवायला खाली गेला, तेव्हा वाटलं, वर आला की बोलेल. तो वर आला आणि भिंगरीची सायकल दुरुस्त करत बसला.

सोमवारी वर्कशॉपमध्ये तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. पत्र्याचा तुकडा घेऊन ती बाहेर जायची आणि आपण कशाला आलो तेच विसरायची. हात काम करत होते, पण डोकं अकरा वर्षं उलटसुलट करून बघत होतं. लग्नानंतरचा पहिला शर्ट. दुकानात तो म्हणाला होता, "तू सांग. तुझी नजर तीच माझी नजर." तिने ते वाक्य किती जणींना सांगितलं होतं! इतर बायकांचे नवरे हेका धरायचे, हिचा नवरा भिंतीच्या रंगापासून रुमालापर्यंत सगळं हिच्यावर सोडायचा. फळं आणायची झाली तर म्हणायचा, चल ना बरोबर, तुझ्याशिवाय मजा नाही. कपड्यांच्या कपाटात त्याने प्रत्येक गोष्टीची जागा ठरवलेली होती आणि ती हलवलेली त्याला चालत नसे. तिला वाटायचं, टापटिपीचा माणूस आहे.

यातलं प्रेम किती होतं आणि काठी म्हणून हात धरणं किती होतं? हे तिला सुटं करता येईना. आणि ज्याला विचारायचं त्याने तोंड उघडलं नव्हतं.

ती जेवायच्या सुट्टीत जेवली नाही. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. पत्रे ठोकणारा म्हातारा तिला हाक मारून म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?" ती म्हणाली, "हो, रंगाचं झाकण." आणि पुन्हा चालायला लागली.

मंगळवारी दुपारी आत्याचा फोन आला.

"बोलायला जमेल का तुला? एकटी आहेस?"

"वर्कशॉपमध्ये आहे. बोला ना, ताई."

"मी कोणाला काही बोललेले नाही. ह्यांनासुद्धा नाही. ते पान मी फाडून घेतलं, भिंगरीच्या वहीत राहायला नको." आत्याने आवाज खाली आणला. "अगं, मी तुझ्या बाजूची आहे. माणसाच्या आयुष्यात काहीही होऊ शकतं. काय असेल ते मला सांग. मी सांभाळून घेईन."

तिने फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. एक वाक्य पुरेसं होतं. तुमचा भाऊच रंगांधळा आहे, ताई. पण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं गुपित होतं, त्याची नोकरी त्यावर उभी होती, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ते त्याने सांगायला हवं होतं. तिने सांगितलं तर ती सुटेल, पण मग तो कधीच बोलणार नाही.

"सांगायला काही नाहीये, ताई," ती म्हणाली.

"बरं," आत्या म्हणाली. त्या 'बरं'मध्ये इतकी माया आणि इतका संशय होता की फोन ठेवल्यावर तिला तोंड धुवावंसं वाटलं.

बुधवारी नवरा लवकर घरी आला. हातात पिशवी होती. तो कधी एकटा बाजारात जात नसे, आणि आज टोमॅटो घेऊन आला होता. पिशवी ओट्यावर ठेवून तो तिथेच उभा राहिला. तिने टोमॅटो परातीत ओतले. निम्मे पिकलेले, निम्मे हिरवेगार कच्चे, दगडासारखे. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिला कळलं, की तो बोलत नाहीये, पण तिने बोलावं अशी त्याची इच्छा आहे. तिने विचारावं, म्हणजे त्याला नुसती मान हलवावी लागेल.

तिने विचारलं नाही. पिकलेले एका भांड्यात घातले, कच्चे दुसऱ्यात. आजी दारात आली, दोन्ही भांड्यांकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेली. तिचं ते परत जाणं सुनेने पाहिलं. म्हणजे हिलाही माहीत आहे, तिच्या मनात आलं. हिलाही पहिल्यापासून माहीत आहे.

त्या दिवशी तिने घरातली सगळी कपाटं पुसून काढली. बसलं की उठावंसं वाटायचं आणि उठलं की कुठे जायचं कळत नसे.

गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा भिंगरी पलंगावर उड्या मारत आकडे म्हणत होती.

"बारा, आठ, सहा, एकोणतीस..."

"पाढे म्हणतेस का?"

"नाही गं. हे डॉक्टरच्या पुस्तकातले आहेत. बाबाने शिकवले." उडी. "पहिल्या पानावर बारा असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. दुसऱ्यावर आठ म्हणायचं. पण लगेच नाही म्हणायचं, थोडं बघितल्यासारखं करायचं." उडी. "मग शाळेत कोणाला कळणार नाही. आणि खडूंवर ना, बाबा बारीक अक्षरात रंगाची नावं लिहून देणार आहे. कागदाच्या आतल्या बाजूने, म्हणजे कोणाला दिसणार नाहीत."

आईने पर्स खाली ठेवली. रविवारपासून जे नुसतं ढवळत होतं ते एकदम घट्ट झालं. तिला स्वतःसाठी इतका राग आला नव्हता. आता आला.

नवरा गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. तिने गॅलरीचं दार मागे लावून घेतलं.

"माझ्याशी खोटं बोललास. मी गप्प बसले," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीने मला फोन करून विचारलं, की पोरगी कोणाची. तेव्हाही मी गप्प बसले. पण भिंगरीला तू हे शिकवायचं नाहीस. दहा वर्षांची पोर आहे. 'थोडं बघितल्यासारखं करायचं'? हे शिकवतोस तिला?"

त्याच्या हातात तिची ओढणी होती. ती त्याने धरूनच ठेवली.

"ताईने असं विचारलं?"

"मग काय विचारणार? तिने चौकोन काढला, त्यात तुझं घर मोकळं राहिलं. तू ते भरलं नाहीस. मग त्यात दुसरा कोणीतरी येणारच ना!"

तो खाली बसला, गॅलरीच्या फरशीवरच. "मला वाटलं, ती अपवाद धरून चालेल."

"म्हणजे संशय माझ्यावर गेला तरी चालेल. तुझं झाकलेलं राहायला हवं."

त्याने ओढणीची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मला नाही दिसत गं. लाल आणि हिरवा वेगळे असतात हे मला माहीत आहे, पण दिसत नाहीत. निळा दिसतो, पिवळा दिसतो. बाकी सगळं मातीसारखं. भिंगरीलाही तसंच दिसत असणार, हे चिठ्ठी आली तेव्हाच कळलं मला. तेव्हापासून छातीवर दगड आहे."

"अकरा वर्षं, आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आधी वाटलं, लग्न मोडेल. तुझं काम काय आणि माझे डोळे काय. नंतर वाटलं, आता कसं सांगू. रविवारी ताईने पेन्सिल थांबवली ना, तेव्हा तोंड उघडलं होतं मी. पण पुढच्या महिन्यात कारखान्यात डोळे तपासणार आहेत सगळ्यांचे. एकदा ताईला कळलं, की ती म्हणणार, साहेबांना सांग. ती तशीच आहे. मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, मग सांगू."

"पाच दिवस झाले."

"हो."

"मी पाच दिवस त्या संशयात उभी होते. आणि तुला माहीत होतं मी कशी आहे ते. तुला एक क्षणही शंका नव्हती ना माझी?"

"नाही," तो चटकन म्हणाला. "एक क्षणही नाही."

"म्हणून तर जास्त वाईट आहे," ती म्हणाली. शंका असती तर ती समजू शकली असती.

गॅलरीचं दार उघडलं. आजी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायचा तिचा विचार नव्हता.

"त्याला बोलू नकोस," ती सुनेला म्हणाली. "मी शिकवलं त्याला. ते आकडे, ते बघितल्यासारखं करणं, सगळं माझं आहे."

"आई, तू कशाला..." तो म्हणाला.

"गप्प बस. माझ्या वडिलांना होतं हे. फळं निवडायच्या कारखान्यात कामाला होते. पिकलेली एका पट्ट्यावर, कच्ची दुसऱ्यावर. ते बोटांनी दाबून ओळखायचे. एक दिवस साहेबाने सांगितलं, दाबायचं नाही, डाग पडतात, नुसतं बघून निवडा. संध्याकाळी घरी पाठवलं त्यांना. पुन्हा कोणी ठेवून घेतलं नाही. सगळी वस्ती हसली. आम्ही पाच भावंडं होतो." आजीने दाराला हात टेकला. "हा चार वर्षांचा असताना याने मला गवत दाखवून विचारलं, हे लाल आहे ना? त्याच दिवशी मी ठरवलं, हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्याला कामाचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तिथे आधी डोळे तपासायचे. तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात झाडू मारत होते. ते ठिपक्यांचं पुस्तक सुट्टीच्या दिवशी पिशवीत घालून घरी आणलं आणि त्याच्याकडून पाठ करून घेतलं."

"आणि माझं काय, आई?" सून म्हणाली. "रविवारी तुम्ही भिंगरीचं अर्धं ताट उचललंत, पण बोलला नाहीत."

आजीने दाराची कडी उगाच चाचपली. "मला वाटलं, तो सांगेल," ती शेवटी म्हणाली. "मी पण वाटच बघत होते."

सुनेने नवऱ्यापुढे फोन धरला. "तुझ्या ताईला लाव. माझ्यासमोर."

त्याने लावला. बोलताना तो उभा राहिला होता, शाळेत गुरुजींपुढे उभं राहावं तसा. ताई, मला रंग दिसत नाहीत. लहानपणापासून. आईला माहीत होतं. हिला आजच सांगितलं. पलीकडून आत्याचा आवाज इतका बारीक आला की सुनेला कान पुढे करावा लागला.

"म्हणजे आईकडून आलं. म्हणजे... मलाही मिळालं असेल. माझ्या मुलींनाही." आणि मग, "तिला फोन दे."

"नको," सून म्हणाली. "आज नको."

शुक्रवारी तो साहेबांना भेटायला गेला. ती कामावर गेली, पण तिथे असून नसल्यासारखी होती. एका पांढऱ्या गाडीचा रंग जुळवायचा होता, आणि पांढरा सगळ्यात अवघड, कारण तो कधीच नुसता पांढरा नसतो. पिवळ्याचे दोन थेंब घालायचे तिथे तिने सहा घातले. अख्खा डबा वाया गेला. आजवर असं झालं नव्हतं. मालक डब्याकडे बघत म्हणाला, "बाई, घरी सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "माहीत नाही अजून," आणि बाहेर जाऊन फाटकापाशी उभी राहिली.

फोन चार वाजता आला. साहेबांनी आधी सगळं ऐकून घेतलं, तो सांगू लागला. मग तक्रारींची वही मागवली. बारा वर्षांत त्याचं एकही पॅनेल परत आलेलं नव्हतं. तरी साहेब म्हणाले, नियम तो नियम. तू इतकी वर्षं लपवलंस ते मला वरती सांगावं लागेल, तिथून काय येईल त्याची हमी देत नाही. तोवर तारा जोडायच्या नाहीत. तपासणीत बसायचं, मीटर घेऊन, सोबत दुसरा माणूस देऊ.

"आणि लोक?"

"कळलं सगळ्यांना. एकजण येऊन तार दाखवतो, हा कुठला रंग म्हणून. सकाळपासून वीस वेळा झालं असेल."

"मग तू काय म्हणतोस?"

"म्हणतो, माहीत नाही." तो थांबला. "पहिल्यांदा म्हणताना जीभ वळेना. विसाव्यांदा जमलं."

रविवारी आत्या आली. या वेळी जेवायला नाही, नुसतीच. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली आणि भावजयीसमोर उभी राहिली.

"मी शास्त्र शिकवते," ती म्हणाली. "दोन शक्यता होत्या. मी एकच धरली, आणि ती तुझ्यावर ढकलली. माझी चूक झाली."

"तुम्ही धरलीत ते मला समजतं, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं." ती भांडं घासत राहिली. "पण तुम्ही मला इतक्या मायेने विचारलंत ना, ते मला सारखं ऐकू येतं. चिडून विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

आत्याने मान हलवली. तिने दुसरं भांडं उचललं, पुसायला लागली, आणि दोघी भांडी संपेपर्यंत काम करत राहिल्या. बाहेरच्या खोलीत भिंगरी बाबाला विचारत होती, की तुला माझा स्वेटर कसा दिसतो, आणि त्याचं उत्तर ऐकून ओरडत होती, "मला पण तसाच! आई, आम्हाला सेम दिसतं!" तिला तर हे मोठं बक्षीसच वाटत होतं.

संध्याकाळी आईने चपला घातल्या. घरात बसवेना, हे तिचं अजून चालूच होतं.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"चालून येते."

"मी येऊ?"

"नको."

तो दारापर्यंत आला. "राग गेला नाही ना अजून?"

"नाही," ती म्हणाली. "आणि कधी जाईल ते मला विचारू नकोस, मलाही माहीत नाही. पण विचारत जा. न विचारता गप्प बसलास तर मला पुन्हा वाटेल, तू काहीतरी लपवतोयस."

"बरं," तो म्हणाला. "उद्या विचारतो."

ती जिना उतरली. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. एका कोपऱ्यापर्यंत जायचं असं तिने ठरवलं होतं, पण तो कोपरा आला तरी तिचे पाय थांबले नाहीत. ती पुढच्या कोपऱ्याकडे चालू लागली.